खंड्याला कोणी काय घातलं

"डॉक्टर, आधी दार लावून घ्या," सामंत गुरुजी म्हणाले.

दवाखान्यात तेव्हा माझ्याशिवाय फक्त आमचे परिचर वसंतमामा होते. बाहेर फणसाखाली एक गाभण म्हैस बांधलेली होती आणि तिचा मालक तंबाखू मळत बसला होता. तो काही ऐकायला येणार नव्हता. तरी मी दार लोटलं. गुरुजींनी जाऊन कडी घातली आणि मग रिक्षातून उचलून आणलेला कुत्रा टेबलावर ठेवला.

कुत्र्याचं नाव खंड्या. काळा, छातीवर पांढरा डाग, जातीचा कुठलाच नाही. लहानपणी खंड्या पक्ष्यासारखी खाडीत धपकन उडी मारून मासे धरायला बघायचा, म्हणून गुरुजींच्या पत्नीने हे नाव ठेवलं होतं. आता त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. उभा केला की मागचे पाय एकमेकांत अडकत आणि तो बाजूला कलत होता. ओकाऱ्या झाल्या होत्या. डोळे उघडे होते, पण बघत कुठे होता ते कळत नव्हतं. महिन्याभरात ही तिसरी वेळ होती.

"परत घातलंन," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "ह्या वेळी मला लेखी पाहिजे."

मी तेव्हा मालवणजवळच्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. लोक त्याला गुरांचा दवाखाना म्हणतात आणि ते बरोबर आहे. दिवसभर म्हशी, बैल, शेळ्या, कोंबड्यांच्या लसी. कुत्री कमी येतात. आणि आली तरी त्यांच्यासाठी कोणी दाराला कडी घालत नाही.

गुरुजींची कहाणी मला तोवर पाठ झाली होती. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. घर समुद्राच्या बाजूला, नारळी-पोफळीत. मुलगी लग्न होऊन बेळगावला. पत्नी दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. घरात आता ते आणि खंड्या. शेजारी संतोष धुरी. त्याने वडिलांच्या जागेत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. पर्यटक उशिरापर्यंत अंगणात बसत, खंड्या त्यांच्यावर भुंकत असे. एकदा संतोष गडग्यापलीकडून म्हणाला होता, "गुरुजी, ह्या कुत्र्याचा कायतरी करूक व्हया."

त्यानंतरच्याच आठवड्यात खंड्या किनाऱ्यावरून ओकत आला.

"कायतरी करूक व्हया, म्हणजे काय करूक व्हया?" गुरुजी मला विचारत. "तुम्हीच सांगा. पाचवीत माझ्या वर्गात होता हा संत्या. तोंडाने गोड, आणि दप्तरात दुसऱ्याच्या पेन्सिली."

मी खंड्याला तपासलं. ताप नाही. डोळ्यांच्या बाहुल्या ठीक. हिरड्या कोरड्या पडलेल्या. कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसत होती, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. मी सलाईन लावलं. आधीच्या दोन्ही वेळी सलाईनवर तो सुधारला होता.

लोकांना वाटतं की विष म्हणजे एकच गोष्ट. आमच्याकडे कुत्र्यांना होणाऱ्या विषबाधा निरनिराळ्या असतात आणि प्रत्येकीची चाल वेगळी. उंदराच्या औषधाने रक्त गोठत नाही, नाकातून किंवा शौचातून रक्त येतं, तेही काही दिवसांनी. आंब्याच्या कलमांवर मारायच्या फवारणीने बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, अंग थरथरतं. बेडूक तोंडात धरला तर फेस येतो, पण तासाभरात कुत्रं ठीक होतं. खंड्याचं यातल्या कशाशीच नीट जुळत नव्हतं. प्रत्येकाचं थोडंथोडं होतं. मला ते आवडलं नाही. जो आजार कोणत्याच खान्यात बसत नाही, त्यात कुठे तरी काही तरी सांगितलेलं नसतं.

"काल काय खाल्लं त्याने?"

"भात आणि दूध. मी स्वतः शिजवलं. माझ्या हातानं घातलं."

"बाहेर गेला होता?"

"बाहेर?" गुरुजी कसंनुसं हसले. "डॉक्टर, पहिल्या वेळेनंतर त्याला मी बाहेर सोडलेलाच नाही. फिरवायला नेतो तेव्हा तोंडाला मुसकं बांधतो. एरवी मागच्या पडवीत साखळी. पाण्याची बादली होती अंगणात, तीही काढली. कोणी काय टाकील सांगता येत नाही. पाणी मी विचारून विचारून देतो."

"विचारून? कुणाला?"

"म्हणजे आधी मी पितो. मग वाट बघतो. मग त्याला."

वसंतमामांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

माझे यजमान त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. ते गेल्यावर बरेच दिवस मी घरातून निघताना गॅसचं बटण बघायची, कुलूप ओढून बघायची, आणि अर्ध्या रस्त्यातून स्कूटर वळवून पुन्हा बघायला जायची. घरात जळून जाण्यासारखं काही नव्हतं. पुस्तकं होती, ती त्यांची. माणूस जातो तेव्हा त्याच्याबद्दलची भीती त्याच्याबरोबर जात नाही. ती मागे राहते आणि उरलेल्यांपैकी कुणाला तरी धरते. त्यामुळे गुरुजी आधी पाणी पितात हे मला वेडेपणाचं वाटलं नाही. पण ज्या घरात इतका बंदोबस्त आहे तिथे विष शिरतं कुठून, हा प्रश्न तसाच राहिला. मागच्या पडवीत कुत्रा बांधलेला, दार बंद, भात घरचा. मला संतोषचा संशय येऊ लागला, आणि खरं सांगायचं तर थोडा गुरुजींचाही. त्यांच्या हेतूचा नव्हे. त्यांच्या सांगण्याचा.

सलाईन चालू असताना खाली फरशीवर निजवलेल्या खंड्याने मान उचलली आणि फरशी पुसायच्या बादलीकडे सरपटत जायला लागला. नळीसकट. त्याला त्या फिनेलच्या पाण्यात तोंड घालायचं होतं. गुरुजींनी झटकन त्याला मागे ओढलं.

"पाणी नको. पाण्यानं विष चढतं."

"असं काही नसतं, गुरुजी," मी म्हटलं आणि वाटीत स्वच्छ पाणी घेऊन थोडं थोडं त्याच्यापुढे धरलं. तो वाटीसकट गिळेल असा प्यायला. एवढी तहान मी उन्हाळ्यातल्या बैलालाही बघितली नव्हती. मी रक्त काढलं. आमच्याकडे रक्तातले क्षार मोजायची सोय नव्हती, म्हणून वसंतमामांबरोबर बाटली मालवणातल्या माणसांच्या लॅबमध्ये पाठवली.

मग लेखीचा प्रश्न आला. हवालदाराने गुरुजींना सांगितलं होतं की डॉक्टरचं पत्र आणा, मग बघू. मी जिल्ह्याच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"बाई, 'विषबाधा' असं लिहून देऊ नका," साहेब म्हणाले. "केस होते. नंतर तुम्हाला कोर्टात उभं करतात. 'संशयित' लिहा."

"संशय कुणाचा, साहेब? माझा की मालकाचा?"

"दोघांचा लिहा. आणि फार लिहू नका."

मी काहीच लिहिलं नाही. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, म्हटलं. गुरुजींना ते पटलं नाही. त्यांनी खंड्याला मुसकं बांधलं, दाराची कडी काढली, आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "तुम्ही नका लिहू. मी सोमवारी गाऱ्हाणं घातलंय."

मी फोंडाघाटाकडची, शेतकऱ्याच्या घरातली. गाऱ्हाणं म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गावाच्या देवळात मानकरी देवापुढे उभा राहून गावातल्या माणसाचं म्हणणं मोठ्याने मांडतो, आणि मागे उभे असलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आजारपण, हरवलेली गाय, कोर्टातली केस, काहीही. आणि अज्ञात माणसाने वाईट केलं असेल तर त्याच्यावरही. पोलिसांकडची तक्रार मागे घेता येते. हे तसं नाही. घातलेलं गाऱ्हाणं माणसं विसरत नाहीत. त्यानंतर गावात ज्याचा पाय मोडेल, ज्याची होडी उलटेल, त्याच्याकडे सगळे बघू लागतात.

"नाव घेतलंत?" मी विचारलं.

"नाव नाही घेतलं. 'जेणी कोणी ह्या मुक्या जनावराक विष घातल्यान, तेका आठ दिसांत तुझ्या पायरीर आणून उभो कर,' एवढंच. नाव देवाला माहीत आहे. आणि गावालाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधल्या टेक्निशियनचा फोन आला. ओळखीचा मुलगा होता.

"मॅडम, ह्यो पेशंट दर्याचा पानी पिऊन इलो काय?"

"का रे?"

"सोडियम बघा. मी दोनदा लावलंय. माका वाटला मशीन बिघडला."

सोडियम म्हणजे मीठ. रक्तात मीठ जास्त झालं की ते अंगातल्या पेशींमधलं पाणी ओढून घेतं. मेंदूच्या पेशीही सुकतात. म्हणून तहान, म्हणून झोकांड्या, म्हणून ती हरवलेली नजर. आणखी वाढलं तर झटके येतात आणि जनावर जातं. आदल्या दिवशीच्या सगळ्या खुणा एका ओळीत येऊन उभ्या राहिल्या. विष नव्हतं. मीठ होतं. पण बांधून ठेवलेल्या, मुसकं घातलेल्या, दूधभात खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात एवढं मीठ जाणार कुठून? ते आपोआप जात नाही. कोणी तरी घालावं लागतं.

मी गुरुजींना फोन केला. त्यांनी उचलला नाही. अलीकडे ते कुणाचाच उचलत नसत. आणखी एकदा मीठ पोटात गेलं तर खंड्या वाचणार नाही हे मला दिसत होतं. मी वसंतमामांना दवाखाना बघायला सांगितला आणि स्कूटर काढली.

आधी मी गुरुजींकडे गेलेच नाही. संतोषकडे गेले. माझ्या डोक्यात खारवलेले बांगडे होते. हॉटेलवाल्यांकडे मीठ घातलेली मासळी असते, आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बंद करायला ती गडग्यावरून फेकणं सोपं असतं. त्याच्या पडवीत फळीवर उंदीर मारायच्या वड्यांचं पाकीट दिसलं तेव्हा माझी खात्रीच झाली की हा माणूस धुतल्या तांदळासारखा नाही. वड्यांचा आणि मिठाचा काही संबंध नव्हता, पण संशयाला एवढा हिशेब लागत नाही.

संतोष पर्यटकांची ताटं विसळत होता. मला बघून त्याने हात पुसले.

"बाई, माझ्यार संशय आसा ना? सगळी वाडी बोलता. माझी बायल देवळाकडसून जाना नाय."

"तू त्याला काही घालतोस का? खरं सांग. मी पोलीस नाही."

त्याने गडग्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणला.

"घालतंय."

"काय घालतोस?"

"पावण्यांच्या ताटातला उरलेला. चपाती. सुरमयचे काटे काढून मासो. गुरुजीनी बांधल्यापासून तो रडता हो. माका ता आयकवना नाय. गुरुजी दुपारचे आडवे झाले काय मी मागसून गडग्यार चढतंय."

"खारवलेलं?"

"खारवलेला कित्याक? ताजा. कालवणातला नाय, तळलेला. माझ्या पावण्यांक घालतंय ताच." मग म्हणाला, "गुरुजींच्या घरातली काकी होती तेव्हा माका शाळेतसून येताना हाक मारून पेज घालायची. आता तेंच्या कुत्र्याक मी विष घालतलंय? गुरुजींका सांगा नको हां. ते माझ्या हातचा बघतीत तर त्येका उपाशी ठेवतीत."

मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला आणि म्हणूनच मी ठेवला नाही. तळलेल्या सुरमईत इतकं मीठ नसतं. मग हा खोटं बोलतोय, किंवा आणखी काही आहे. मी त्याला म्हटलं, माझ्यासमोर घाल बघू.

आम्ही गडगा ओलांडून गुरुजींच्या घराच्या मागच्या बाजूला गेलो. खंड्या पडवीच्या खांबाला बांधलेला होता, अजून अशक्त. संतोषला बघून तो उभा राहिला, आणि शेपटीबरोबर सगळं अंग हलायला लागलं. संतोषने माशाचा तुकडा हातावर धरला. मी तो आधी चाखला. साधा, घरचा मासा. खंड्याने तो हळूच उचलला. विष घालणाऱ्याच्या हातून कुत्रं असं खात नाही, असं म्हणायचा मोह झाला, पण ते खरं नाही. कुत्री खातात.

तेवढ्यात मागचं दार उघडलं.

गुरुजींनी आम्हा दोघांना पाहिलं. संतोषच्या हाताला तेल लागलेलं पाहिलं. ते ओरडले नाहीत. मी एक शब्द बोलायच्या आत वळून घरात गेले. मला वाटलं, काठी आणायला गेले. संतोषलाही तसंच वाटलं असावं, कारण तो दोन पावलं मागे सरला.

गुरुजी परत आले तेव्हा त्यांच्या हातात कोकम सरबताची एक जुनी बाटली होती. आत गढूळ पांढरं पाणी.

आणि खंड्या, जो आत्ता शेपटी हलवत होता, तो पोट जमिनीला लावून खांबामागे सरकला. साखळी ताणली गेली. त्याने तोंड दोन पायांच्या मध्ये खुपसलं. थरथरायला लागला. संतोषकडे पाठ होती त्याची. नजर गुरुजींच्या हातातल्या बाटलीवर.

गुरुजी गुडघे टेकून बसले. सवयीने त्यांनी एका हाताने खंड्याचा जबडा धरला आणि बाटली वर केली. मी त्यांचा हात धरला.

"काय आहे हे?"

"सोडा, डॉक्टर. उशीर झाला तर चढेल."

"आधी काय आहे ते सांगा."

"मिठाचं पाणी. ओकला की पडेल बाहेर."

मी बाटली घेतली. दोन थेंब तळव्यावर घेऊन जिभेला लावले. तोंड कडू झालं. तळाशी खडे मीठ न विरघळता बसलं होतं.

"असं किती वेळा पाजलंत?"

"संशय आला की पाजतो. तोंडाला माशाचा वास आला की. परवा आला होता, तेव्हा पूर्ण बाटली पाजली. मग काल तुमच्याकडे घेऊन आलो."

"मला हे सांगितलं नाहीत."

"तुम्ही काय खाल्लं विचारलंत," गुरुजी म्हणाले. "हे खाणं नाही. हा उपाय आहे."

ते खरं होतं. मी तीनही वेळा त्यांना काय खाल्लं एवढंच विचारलं होतं आणि त्यांनी तीनही वेळा प्रामाणिक उत्तर दिलं होतं.

आता ते कसं सांगायचं, हा प्रश्न होता. दुसरं काही नाव देता आलं असतं. एखादा जंतू, एखादा ताप. म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं नसेल तर डॉक्टर असं करतात. पण मग बाटली घरात राहिली असती. आणि ती बाटली घरात राहून चालणार नव्हतं.

मी पायरीवर बसले आणि लॅबचा निकाल साध्या शब्दांत सांगितला. मीठ रक्तात गेलं की काय होतं ते सांगितलं. कुत्रं दर वेळी ओकतं असं नाही, पाणी पोटात राहिलं की सगळं मीठ रक्तात उतरतं. वरून पिण्याचं पाणी कमी. संतोष दुपारी मासा घालतो, तुम्हाला वास येतो, तुम्ही मीठ पाजता, तो आजारी पडतो, आणि तुमची खात्री आणखी पक्की होते.

संतोष गडग्याला टेकून उभा होता. तेलकट हात पुसत होता. बोलायचा त्याला हक्क होता.

"पण आमची ही पाजायची," गुरुजी म्हणाले. "हा पिल्लू असताना गोठ्यातलं कसलं तरी औषध चाटलं होतं त्याने. हिने मिठाचं पाणी पाजलं, भडाभडा ओकला, आणि वाचला. माझ्यासमोर."

"एकदाच पाजलं ना?"

"एकदाच."

"आणि नंतर पाणी?"

"पाण्याचं घमेलंच ठेवलं होतं त्याच्यापुढे. दिवसभर पीत होता."

"तेच," मी म्हटलं.

गुरुजींनी खंड्याच्या मानेवर हात ठेवला. खंड्या दचकला. गुरुजींनी हात काढून घेतला आणि स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. आतापर्यंत ते माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलत होते. आता बोलले ते वेगळं.

"म्हणजे मीच घालतंय तेका."

मी बाटली माझ्या बाजूला ओढून घेतली.

"बाई, आणि गाऱ्हाणा?"

'जेणी कोणी ह्या मुक्या जनावराक विष घातल्यान.' तो माणूस आता पडवीत बसला होता. संतोषने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "गुरुजी, आधी कुत्रो बघूया. देव खंय पळून जाना नाय."

त्याने स्वतःच खंड्याला उचललं आणि आपल्या गाडीतून दवाखान्यात आणलं. गुरुजी मागच्या सीटवर बसले, खंड्यापासून जरा दूर.

अशा केसमध्ये सगळ्यांना वाटतं की जनावर तहानलेलं आहे, भरपूर पाणी पाजा. ते घातक असतं. सुकलेल्या मेंदूला एकदम पाणी मिळालं तर तो फुगतो, आणि मिठाने न मेलेलं कुत्रं पाण्याने मरतं. थोडं पाणी, मग थांबायचं. सलाईन अगदी हळू. मध्ये मध्ये रक्त तपासायचं. वाटी समोर आहे, कुत्रं तिच्याकडे बघतंय, आणि आपण ती मागे घ्यायची. ते हाताला फार जड जातं. पहिल्या दुपारी खंड्याला एक झटका आला आणि मला वाटलं की संपलं. मी इंजेक्शन दिलं. गुरुजी बाकावर बसले होते. संतोषने त्यांना चहा आणून दिला. त्यांनी कपात बघितलं, मग संतोषकडे बघितलं, आणि पिऊन टाकला.

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी सकाळी खंड्या कोणी न धरता उठला, दाराबाहेर गेला, आणि फणसाच्या बुंध्यावर पाय वर केला. वसंतमामा म्हणाले, "बाई, इंजिन चालू झाला." मागचा डावा पाय मात्र पुढे कायम थोडा ओढत राहिला.

गाऱ्हाण्याच्या पुढच्या सोमवारी गुरुजी देवळात गेले. मला म्हणाले, साक्षीला या. मी देवाधर्माचं फारसं करत नाही, यजमानही करत नसत. पण खंड्याच्या आजाराचं निदान मी केलं होतं, त्यामुळे जाणं मला भाग होतं. संतोषही आला. देवळात नेहमीची सोमवारची माणसं होती. आठवडाभर ही माणसं संतोषकडे बघत होती. आजही तशीच बघत होती.

गाऱ्हाणं घालणारे तात्या गावकर. गुरुजींनी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "ह्या वेळी नाव घ्या. माझं."

तात्या अवघडले. "तुमचा नाव कसा घेवचा, गुरुजी? माझ्या दोन्ही झिलांका तुम्ही शिकवलात."

"मग सोपं आहे. पाठ असेल तुम्हाला."

कुणी तरी हसलं. तात्या देवाकडे वळले. त्यांनी नारळ पुढे ठेवला, हात जोडले, आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! गेल्या सोमवारी तुझ्या लेकरान तुका साकडा घातल्यान, जो कोण असात तेका पायरीर आणून उभो कर. तो मानूस आपल्या पायान चालत इलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वायट मनान नाय केल्यान, मायेन केल्यान. शेजाऱ्यार आळ घातल्यान, तो आळ आज तुझ्यासमोर उतरवता रे म्हाराजा!"

इथे माणसं जरा घुटमळली. आळ घेणाऱ्यांत तीही होती. पहिला आवाज माझ्या शेजारून आला, संतोषचा, आणि तो सगळ्यांत मोठा होता.

"व्हय म्हाराजा!"

मग बाकीचे आले. मीही म्हटलं. गुरुजी खाली पायरीकडे बघत होते. त्यांचे पाय त्याच पायरीवर होते.

बाहेर आल्यावर चप्पल घालताना संतोष म्हणाला, "गुरुजी, काय म्हणा, गाऱ्हाणा लागू पडला तुमचा. आठ दिसांतच."

गुरुजी म्हणाले, "पेन्सिली कुणाच्या घ्यायचास रे तू?"

"तुमच्याच टेबलावरच्यो."

ती बाटली मी दवाखान्यात आणली होती. धुऊन तिच्यात स्पिरिट भरून ठेवलं. खंड्यासाठी अंगणात पुन्हा बादली आली. गडग्याचे वरचे चार चिरे संतोषने काढून टाकले, वर चढायला नको म्हणून. खंड्याला बाटलीची भीती शेवटपर्यंत राहिली. गुरुजी औषध प्यायला लागले तरी तो उठून पलीकडे जायचा. गुरुजींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ते गेल्या वर्षी गेले. खंड्या त्यानंतर संतोषकडे राहिला, पण दुपारी मोकळ्या जागेतून पलीकडे जाऊन गुरुजींच्या बंद पडवीत झोपायचा. आता तोही नाही. ते दोघे गेले म्हणूनच हे लिहिते आहे.

पहिल्या वेळी खंड्याने किनाऱ्यावर काय खाल्लं होतं, ते मला कधीच कळलं नाही. सडका मासा असावा. असावाच, असं मी म्हणत नाही.

मी आता निवृत्त आहे, तरी लोक जनावरं घेऊन घरी येतात. त्याने काय खाल्लं, हे मी आता नंतर विचारते. आधी विचारते, तुम्ही स्वतः त्याला काय दिलंत? बरेच मालक रागावतात. रागावू देते, आणि तेवढ्या वेळात जनावर कुणापासून लांब सरकून बसलंय ते बघून घेते.